अस्तर

सहा वर्षांनी कावळा परत शिवला.
कुणाला बोलले नाही.
परकर गच्चीत न घालता
मोरीतच दोरी बांधून वाळवला.
चार थेंब तर. उष्णता असेल.
दोन आठवडे सब्जा प्यायले.

पुष्पलता बुचडे, ससूनमध्ये आया,
ब्लाउजचं माप द्यायला आली.
दंड मोजता मोजता विचारलं,
मैत्रिणीचं म्हणून.
ती म्हणाली, मैत्रिणीला उद्याच घेऊन ये.

धनकवडीहून स्वारगेट, तिथून दुसरी बस.
सोनोग्राफीवाली पोर पडद्याकडे बघत म्हणाली,
अस्तर जाड झालंय मावशी,
चौदा मिलिमीटर.
अस्तर!
तीस वर्षं मीच लावतेय सगळ्यांना.
माझ्या आत हे कुणी लावलं,
न विचारता?

तुकडा तपासून कागद आला.
मी वाचला. ह्यांना म्हटलं,
आधी जेवून घ्या.

रात्री टेप काढली.
चौदा मिलिमीटर म्हणजे
अर्ध्या इंचाहून दोराभर जास्त.
एवढीच तर सोडते मी
शिलाईच्या आत माया,
अंग भरलं तर उसवता यावी म्हणून.

मंगळवारी पिशवी काढणार आहेत.
लवकर आलात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
सब्ज्याचं मी सांगितलं नाही.

पुष्पलताच्या ब्लाउजचे
दोन हूक राहिलेत.