पॅरलल

उद्यमनगरात आमचा फोन एकच.
खाली लेथजवळ काळा डबा,
वर माझ्या कॉम्प्युटरला त्याचीच वायर.
रात्री दहानंतर नंबर फिरायचा,
मग किंचाळी, खरखर, खोकला.
आप्पा जिन्यातून ओरडायचे,
"बेरिंग गेलंय रं त्याचं. ग्रीस मार."

मस्कतहून शालनताईनं फोटो धाडलेला,
अकरा दिवसांची तिची पोर.
ओळ ओळ उतरत होती ती
विहिरीत पोहरा सोडावा तशी:
टोपरं, कपाळ, एक भुवई.
डोळे आले. मिटलेले.
नाकाशी अडली.

खाली आप्पांनी रिसीव्हर उचललेला,
शिरोलीच्या रात्रपाळीला कास्टिंगचं विचारायला.
त्या खवळलेल्या आवाजाला
दोनदा हॅलो म्हणाले.

"किती आली?"
"नाकापर्यंत."

काही बोलले नाहीत.
चिंधीनं हात पुसले,
फोनवर घमेलं पालथं घातलं,
वर दोन किलोचा फ्लँज.
"लाव आता."

साडेअकराला हनुवटी आली.
मी डिसकनेक्ट केलं, दिवा मालवला.
घमेलं तसंच राहिलं.

सकाळी त्याच्याखाली घंटी घुमायला लागली,
कुणीतरी गिऱ्हाईक, थांबेचना.
मी फ्लँज उचलायला गेलो तर आप्पा म्हणाले,
"आतच वाजू दे.
झोपलीया ती."