सोमवारी उद्यमनगर बंद असतं

आठवड्यात एकच दिवस मिळतो आम्हाला.
सोमवारी लेथ झाकलेले, शटरं खाली,
गटारात पांढुरकं कूलंट थिजलेलं,
आणि इलाही मुजावरच्या वाइंडिंगच्या दुकानावर
अंड्यांचे ट्रे ठोकलेला पोटमाळा.
तिथं आम्ही कारखान्याचा आवाज करतो,
कारखाना गप्प असताना.

बाकी सहा रात्री मी शिरोलीत, शेकआउटवर.
साचे फुटतात, काळी वाळू सांडते,
अजून लाल असलेलं बीड जाळीवर थडथडतं.
मोबाइल खिशात, माइकवर मोज्याचा तुकडा.
ग्राइंडरची किंकाळी तिसऱ्या गाण्याला लागली,
भट्टीची घरघर पाचव्याला.
कॉम्प्रेसर दम टाकतो, तो सगळीकडंच आहे.
इलाही हे सगळं कीबोर्डात ताणतो, चिरतो,
म्हणतो, अजून घाण कर,
अजून धुतल्यासारखं वाटतंय.

सातव्याला काही सापडेना.
मग मी माझंच बोलणं घातलं,
रात्री तीनला सायकल स्टँडमागं टिपलेलं,
घरात कुणाला न सांगितलेलं.
आठपट संथ केलं.
शब्द विरघळले.
उरला एक दांडा, गोल फिरणारा,
कशावर तरी घासत.

अण्णा डबा घेऊन आले ते नेमके तेव्हा.
चौतीस वर्षं मोल्डिंगला. डावा कान गेला,
उजवा वाटेवर.
उभ्या उभ्याच स्पीकरला दोन बोटं लावली,
मोटार तापलीय का बघतात तशी.
"बेअरिंग गेलंय," म्हणाले.
"कवापास्नं वाजतंय?"

इलाही वायरींत डोकं घालून बसला.
मी म्हणालो, झाली दोनेक वर्षं.

"आणि तसंच चालवायलायस व्हय?
शाफ्ट खाईल की रं."

ग्रीस हाय का, विचारलं त्यांनी.
नव्हतं. वार्निश होतं, तांब्याची तार होती,
नुसतं ग्रीस नव्हतं.
ते जिन्यानं खाली गेले, बंद दुकानांतून
कुणाकडं तरी मागायला,
सोमवारी.

रेकॉर्डिंग चालूच राहिलं होतं.
जिन्यावरच्या त्यांच्या चपला, मग शटरवर थाप,
मग लांब कुठंतरी दुसऱ्या शटरवर.
आठवं गाणं तेवढंच आहे.
इलाहीनं त्यावर काही चढवलं नाही.