लांग्गाम

आमच्या भाषेत लांग्गाम म्हणजे पक्षी.
मनिलाच्या भाषेत तोच शब्द म्हणजे मुंगी.

हे मला कळलं तिसरीत.
शब्दासमोर चित्र काढायचं होतं,
मी निळ्या खडूनं खंड्या काढला,
चोचीत मासा, मासा अजून वळवळणारा.
मिस बुएनाफ्लोर आमच्याच गल्लीतल्या,
मासळीवालीशी आमच्याच बोलीत घासाघीस करणाऱ्या.
त्यांनी खंड्यावर लाल फुली मारली
आणि वाकून, कुणी ऐकू नये अशा आवाजात,
आमच्याच बोलीत म्हणाल्या,
"पोरी, परीक्षेत याला सहा पाय असतात."

पपांनी ते पान कारखान्यात खिळ्यानं ठोकलं,
गळ्याविना टांगलेल्या गिटारींच्या मधे.
फणसाच्या फळीवर टिचकी मारून
आत गाणं आहे की नुसतीच फळी, हे सांगणारा माणूस.
गावाचं नाव बदलून कित्येक वर्षं झाली,
ते अजून ओपोनच म्हणायचे.
त्या रात्री तांबड्या माडीची दुसरी घागर संपल्यावर
त्यांनी स्वतंत्र देश स्थापन केला.

नेमेसिओकाका अर्थमंत्री,
कारण त्यानं एकदा ट्रायसिकलवाल्यांची भिशी सांभाळली होती
आणि थोडीच बुडवली होती.
सीमा आखल्या वाळक्या माशांच्या काट्यांनी, टेबलावर.
सेबू आत, बोहोल आत,
लेयतेचा अर्धा भाग आत, उरलेल्याचं उद्या बघू.
"आपण पाठवतो कर, आंबे, नर्सा, खलाशी," पपा म्हणाले,
"आणि येतं काय? वादळाचा इशारा. तोही त्यांच्या भाषेत.
वादळ मात्र आपल्या भाषेत येतं."
सगळे हसले.
मग तेओदुलोच्या रिकाम्या खुर्चीकडे कुणाचं तरी लक्ष गेलं.
त्याची होडी तीन वर्षं परतली नव्हती.

आई दारात बसून भाताच्या पुड्या विणत होती,
कोवळ्या झावळीच्या, मुठीएवढ्या.
आई बोहोलची.
तिथं बोट दोन तासांत पोचते
आणि तेवढ्यात आमच्या 'य'चा 'ज' होतो.
चांगलं म्हणायला आम्ही 'मायो' म्हणतो. ती म्हणायची 'माजो'.
वीस वर्षं बाजार तिच्या 'ज'ला हसला.
पपाही हसले. लाडानं, पण हसले.
ती वर न बघता म्हणाली,
"तुमच्या देशात माझ्या 'ज'ला
पासपोर्ट लागेल का?"

अर्थमंत्र्यानं हातातली सीमा दाताखाली धरली.
पपांनी एक तार उगाच पिळली, आणखी पिळली,
ती तुटली.
राज्यघटना तिथवरच लिहून झाली.

आता मी पासायला, तिसऱ्या मजल्यावर.
लिफ्टमध्ये मनिलाची भाषा, हेडफोनमध्ये अमेरिकेची,
स्वप्नात कुठली ते नवऱ्याला विचारावं लागतं.
तो म्हणतो, तू झोपेत भांडतेस,
आणि कोण जिंकलं तेही मला कळत नाही.

परवा पपांचा फोन आला.
गुडघा कसा आहे, मी विचारलं.
"माजो," ते म्हणाले.
आईला जाऊन दोन वर्षं झाली.
मी ऐकलं न ऐकलंसं केलं,
तिकडे कितीतरी वेळ कानस घासल्याचा आवाज येत राहिला.

पोरगी इथलीच, इथल्याच इस्पितळात जन्मलेली.
काल संध्याकाळी स्वयंपाकघरातून किंचाळली,
"लांग्गाम! लांग्गाम!"
साखरेचा डबा उघडा राहिला होता.

मी धावत गेले,
आणि आधी खिडकी उघडली.