नोंदी कोणाच्या नावे

बुधवारी दुपारी, वीज होती तोवर,
मी माझी वेबसाइट मोडायला काढली.
जुनी अजून उभी आहे तशी.
नवी शेजारी बांधून होईस्तोवर
माणसं जुन्याच दारानं येतील,
आली तर.

कल्याणी म्हणाली पुण्याहून, मावशी,
हे पोपटी बॅकग्राउंड कोण ठेवतं आता?
आणि ती सरकती पाटी? तो येणारे-जाणारे मोजणारा मीटर?
मीटरवर एकेचाळीस हजार होते.
त्यातली निम्मी मीच,
सकाळी उठून, कुणी येऊन गेलं का बघायला.

साइटवर आहे काय, तर परभणीचा पारा.
विद्यापीठाचा नव्हे, माझ्या गच्चीवरचा,
जिन्याच्या सावलीत खिळ्याला टांगलेला.
रोज एक आकडा आणि एक ओळ.
बारा मे: चव्वेचाळीस पूर्णांक दोन. कावळ्यानं नळ चोचीत धरून ठेवला.
एकोणतीस डिसेंबर: साडेपाच. दूधवाल्याच्या मिशीवर दव.
एकवीस वर्षांच्या अशा ओळी.

जुनी व्यवस्था फुगली होती.
दर महिन्याला काहीतरी नवं बसवून मागायची,
एक आकडा लिहायला सात खिडक्या.
नवीत नुसता मजकूर,
खडूनं पाटीवर लिहावा तसा.
बनी तो बनी, नाही तर परभणी,
म्हणत मी बटण दाबलं.

सगळं आलं. फक्त पहिल्या चार वर्षांचं मराठी
विस्कटून आलं.
तेव्हाच्या फॉन्टात वेलांटी आधी टाइप व्हायची, अक्षर मागून.
आता अक्षर आधी लागतं.
म्हणून प्रत्येक पहिली वेलांटी
एक थांबा आधीच उतरलेली,
ठिपक्यांच्या रिकाम्या गोलाला टेकून उभी,
न्यायला कुणी आलंच नाही अशी.
िदवस. िचमणी. िलंब.
रात्री दोनपर्यंत मी एकेकीला
तिच्या अक्षरापाशी पोचवत बसले.

मग यंत्रानं विचारलं, फार सभ्यपणे:
एक हजार चारशे बारा नोंदींचा लेखक, निसार,
नव्या साइटवर नाही.
या नोंदी कोणाच्या नावे करायच्या?
खाली दोन पर्याय.
दुसरा, पुसून टाका.

स्टेशन रोडला निसारचं नेट कॅफे होतं,
प्लायवूडची चार खुराडी, एक टेबलफॅन, तोही गिऱ्हाइकाकडे वळवलेला.
मला तेव्हा माउस धरता यायचा नाही.
शाळा सुटली की जायची मी,
आकडा तिकिटामागे लिहून.
बोला मॅडम, मी टाइप करायलो.
बेचाळीस, मी म्हणायची. ऊन फार.
तो बोटं थांबवायचा.
ऊन तर हायेच की मॅडम.
ऊन काय करायलंय ते सांगा.

मी बाहेर बघायची. स्कूटरची सीट, त्यावर
ओला रुमाल टाकून गेलेलं कुणी.
हां, म्हणायचा, हे लिवतो.

सकाळी फोन लावला. तो आता बॅटऱ्या विकतो, इन्व्हर्टरच्या,
मागं कुणीतरी पाणी भरा, पाणी भरा ओरडत होतं.
नोंदींचं सांगितलं तर हसला.
तुमच्याच नावे करून टाका की, माझं काय त्यात,
मी निस्ती बटनं दाबली.
आणि ठेवता ठेवता:
आज किती हाय मॅडम?

मला सांगता आलं नाही. तीन दिवस
रंग निवडण्यात गेले होते.

नवा वापरकर्ता, असं जिथं लिहिलंय
तिथं मी आधी न दाबला. मग वेलांटी.
ती मागून आली
आणि पुढं जाऊन उभी राहिली, एक हात
न-च्या डोक्यावरून.

मीटर ठेवलाय. कल्याणीला दिसणार नाही अशा जागी.

मग गच्चीवर गेले.
त्रेचाळीस पूर्णांक एक.
ऊन काय करायलंय
ते बघायलेय अजून.