हरकत

मागच्या डाव्या दारावर ओरखडा, वीतभर.
तीनशे चाळीस युरो कार्डातून परस्पर वळते,
गाडी परत करून नऊ दिवस झाल्यावर.

इदालिना चष्मा पुसून तिसरं पत्र लिहिते:
महोदय, ओरखडा आधीचाच.
सोबत फोटो. तेर्सेइरा विमानतळ,
चौदा मार्च, सकाळी दहा वीस.

उत्तर येतं:
दारात एका इसमाचं प्रतिबिंब पडल्याने
ओरखडा स्पष्ट दिसत नाही.
दुसरा फोटो असल्यास पाठवावा.

इसम म्हणजे बाल्ताझार. धाकटा.
डॉक्टरांनी त्याचं गाडी चालवणं बंद केलेलं,
म्हणून तर ही भाड्याची.
बसने आला होता घ्यायला, दाढी करून.
"फोटो कसले काढतेस, भली माणसं आहेत,"
म्हणाला, आणि पोट आत ओढून
उभा राहिला तिच्या खांद्यामागे.

मोठा करून पाहिला की दिसते रेघ:
शर्टाच्या तिसऱ्या बटणापासून
थेट खिशापर्यंत.

महोदय, दुसरा फोटो नाही.
त्याला जरा बाजूला सरक म्हणायची
आता सोय राहिलेली नाही.
ओरखडा त्याच्या अंगावर आहे, नीट पाहावे.

शेवटची ओळ ती खोडते.
चहा ठेवते. परत येऊन
तीच ओळ पुन्हा लिहिते.

पैशांचं राहू द्या,
असं मात्र कुठेही लिहीत नाही.