पंखाखालची खूण

बातुमीमागच्या टेकडीवर, सप्टेंबरात,
नुगझार डोळ्यांवर हात धरून उभा.
दुर्बीण गळ्यात आहे, नुसती.

"मोहोळघार," तो म्हणतो.
मी वहीत रेघ ओढते.
कशावरून?
"मनगटापाशी काळा डाग. शेपटीच्या बुडाशी
दोन पट्टे खेटून, तिसरा पार टोकाला,
रुसून बसल्यासारखा."

घारीची शेपटी दुभंगलेली.
सापमाऱ्याचं पोट पांढरं,
डोक्याला मात्र भुरं टोपडं.
आणि तो ठेंगणा गरुड समोरून आला, की
खांद्यांपाशी दोन दिवे लागतात,
घाट चढणाऱ्या मोटारीचे.

काळ्या समुद्रावरून ढग येतो.
रंग विझतात. उरतात काळी कात्रणं.
माझी पेन्सिल थांबते.
तो थांबत नाही: "घार. मोहोळघार. पुन्हा घार."

रंगाशिवाय कसं?

बराच वेळ काहीच बोलत नाही.
मग उजवा तळहात पुढे करतो:
अंगठ्याच्या बुडाशी नख्यांचे चार जुने व्रण.
"बत्तीस वर्षं जाळ्यात धरले.
पंख असा उलगडून बघायचो.
मग मान."

वर थवा गिरकी घेतो, सरळ होतो,
तुर्कस्तानाकडे वळतो.
"लिही," तो म्हणतो, "एकसष्ट."
आणि जरा वेळाने, वहीसाठी नव्हे:
"सगळे गेले पलीकडे."