रिकामे कंस

तासगावात, खताच्या दुकानाच्या माडीवर आमचा क्लास.
सहा कॉम्प्युटर, चालू चार,
त्यातल्या एकाचं एंटर अंगठ्यानं दाबावं लागतं.
युरियाचा वास जिना चढून वर येतो
आणि फी न भरता बसतो.

निलोफर मुलाणी खिडकीपाशी.
वडील मार्केट यार्डात तोलार,
बेदाण्याच्या सौद्याला दिवसभर काट्यापाशी उभे.
म्हणून असेल, तिनं विद्यार्थी, गाडी, बँकखातं
ही पुस्तकातली उदाहरणं घेतलीच नाहीत.
तिनं क्लास लिहिला: पेटी.
पेटीला रंग दिला, हिरवा. प्रत दिली, एक नंबर.
सेल्फ न विसरता लिहिला,
मागच्या गुरुवारी त्यानं तिला रडवलं होतं.
आणि खाली एक मेथड: वजन.
मग पहिली पेटी तयार केली आणि तिला विचारलं,
प्रिंट, पेटी एक, टिंब, वजन.

स्क्रीनवर उमटलं:
बाउंड मेथड, पेटी टिंब वजन,
आणि पुढं शून्य एक्स सात एफ असलं काहीबाही लांबलचक.

"सर, वजन इचारलं तर पत्ता सांगतंय."

मला लगेच दिसलं.
शिकवणाऱ्याला लगेच दिसतं, तिथंच तो फसतो.
हात कीबोर्डकडे निघाला होता,
तो खिशात कोंबला.
खिशात कालचा एक बेदाणा होता, तो खाल्ला.

तिनं स्पेलिंग तपासलं. समास तपासला.
फाईल बंद करून उघडली,
जसं आपण टीव्हीला थापट मारतो.
मग तेच वजन बेरजेत घालून पाहिलं,
तर लाल ओळ:
आकड्यात मेथड मिळवता येत नाही.

"खरंच हाय की," तिनं मशीनचीच बाजू घेतली,
"पंधरा किलोत तोलार कसा मिळवायचा?"

आता माझ्यानं राहवेना.
म्हटलं, तोलार यार्डात आहे, हे तू सांगितलंस.
त्याला तोल म्हणालीस का?
नाव घेणं वेगळं, हाक मारणं वेगळं.
उखाण्यात नाव घेतलं
म्हणून नवरा चहा ठेवायला उठतो का?

पुढच्या बाकावर खसखस पिकली.
ती हसली नाही, स्क्रीनकडे बघत राहिली.
"म्हंजे कंस."
"कंस."
"आत काय द्यायचं?"
"काही नाही."
"कायच द्यायचं नसलं तर कंस कशाला?"
याचं पुस्तकी उत्तर माझ्याकडे होतं,
पण तिच्या तोंडाकडे बघून ते दिलं नाही.

तिनं दोन कंस टाकले, समोरासमोर,
ओंजळ धरावी आणि तीत काही नसावं तसे.
एंटर. अंगठ्यानं.

पंधरा पूर्णांक सहा.

मी शाबास म्हणालो. मोठ्यानं म्हणालो,
खालच्या दुकानदारालाही ऐकू गेलं असेल.
लाल ओळ नाही, पत्ता नाही, आकडा आहे,
माझ्या लेखी तास संपला होता.

"चुकलंय," ती म्हणाली.
"कुठं?"
"खोक्याचं सहाशे ग्रॅम कुठं वजा केलंय?
असलं वजन पुकारलं
तर अब्बाला उद्या काट्यावर कोण उभं करंल?"

मशीनची काहीच तक्रार नव्हती.
माझीही नव्हती.
चार वर्षं मी हे शिकवतोय
आणि माझ्या फळ्यावरची एकही पेटी
कधी रिकामी करून तोललेली नाही.

ती पुन्हा आत शिरली, क्लासच्या पोटात,
आणि नवी मेथड लिहायला घेतली: रिकामी.
आधी दोन्ही कंस उमटवले,
मग मागे येऊन नाव.
खाली दुकानाचं शटर अर्धं ओढल्याचा आवाज आला.
"पाचच मिनटं, सर."

मी डस्टर हातात घेऊन उभा राहिलो.